दृश्यकला आणि प्रयोगजीवी कला यांत नेमका फरक काय?

दृश्यकलेत कलाकृती वस्तूच्या रूपात मागे उरते. प्रयोगजीवी कला कलावंताच्या देहातून, आवाजातून प्रेक्षकांसमोर घडते आणि प्रयोग संपला की संपते. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं अजून आहेत. लावणीची अदा मात्र दर बैठकीला नव्याने करावी लागते. (रेकॉर्डिंग म्हणजे प्रयोगाचा पुरावा, प्रयोग नव्हे, असं माझं मत.) सरकारी वाटणीही अशीच: चित्र-शिल्पासाठी ललित कला अकादमी, नाच-गाणं-नाटकासाठी संगीत नाटक अकादमी. पण ही रेघ पक्की नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघा. तिथले ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे धरत गाऊन कथा सांगतात. ती चित्रांची पोथी नुसती चाळली तर दृश्यकलाच, पण मग निम्मी गोष्ट हुकते.