‘डिस्क टिकटिक करून राहिली!’

प्रश्न : सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांची ६४ रेकॉर्डिंग्ज माझ्या लॅपटॉपमध्ये आहेत. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. यजमानही आता नाहीत; त्यांनी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले लेख त्याच लॅपटॉपमध्ये आहेत. आठवड्यापासून आतून टिकटिक आवाज येतो. दुकानातला मुलगा म्हणाला, “काकू, डिस्क टिकटिक करून राहिली, जास्त चालवू नका.” पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं क्लाउडवर आहे. मी दोन पेनड्राइव्ह आणून ठेवलेत. तेवढं पुरेल का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, दुकानातल्या मुलाचं ऐका. लॅपटॉप आत्ता बंद करा. टिकटिक म्हणजे डिस्कचं वाचणारं डोकं जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशी डिस्क किती वेळा सुरू होईल याचा भरवसा नसतो, म्हणून पुढच्या वेळी सुरू कराल ती फक्त कॉपी करण्यासाठी. पेनड्राइव्ह आधीच हातात ठेवा. पहिल्यांदा ओव्या, मग यजमानांचे लेख, फोटो त्यानंतर. सगळी डिस्क एकदम ओढायला जाऊ नका. डिस्क दिसलीच नाही तर पुन:पुन्हा चालू-बंद करू नका, ‘रिपेअर’ करणारं सॉफ्टवेअर तर मुळीच चालवू नका. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. खर्च नव्या डिस्कपेक्षा पुष्कळ जास्त येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

चिरंजीवांचं म्हणणं अर्धं खरं. सोय चालू असेल तर मोबाइलमधले फोटो आपोआप वर, म्हणजे इंटरनेटवरच्या क्लाउडमध्ये जातात, पण लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमधलं फोल्डर सांगितल्याशिवाय जात नाही. त्यांच्याकडून ओव्यांची एक फाइल मोबाइलवर उघडून घ्या. वाजली तर ठीक. दुसरी गोष्ट, लॅपटॉप आणि क्लाउड जोडलेले असले की इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यात ते ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. चुकून पुसलेलं दीड महिन्यानं लक्षात आलं तर काय कराल? शिवाय फुकटची १५ जीबी जागा ईमेल, फोटो आणि फाइली मिळून आहे. ओव्या तिथेही ठेवाच, पण फक्त तिथे नको.

पेनड्राइव्ह या आठवड्याच्या धावपळीला चालतील. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाहीत. त्यात माहिती सूक्ष्म विजेच्या रूपात साठते, आणि ती हळूहळू झिरपून जाते. उष्णतेत जास्त लवकर. आपल्याकडचा मे अखेरचा नवतपा आणि पत्र्याखालची माळ्यावरची पेटी आठवा! जपून ठेवायला आतमध्ये फिरती तबकडी असलेल्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या.

दोन का, ते माझ्या घरी झालेल्या फजितीवरून सांगतो. मी नागपूरच्या महाल भागात बावीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावायचं काम केलं, लोकांना बॅकअपवर प्रवचनं दिली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी शंकरनगरच्या आमच्या तळमजल्यात शिरलं. कॉम्प्युटर जमिनीवर होता. बॅकअपची डिस्क? त्याच टेबलाच्या खालच्या खणात, नीट फडक्यात गुंडाळून. दोन्हींनी बरोबरच जलसमाधी घेतली. वर्ध्याला बहिणीच्या कपाटात विसरलेली एक जुनी डिस्क होती, तिच्यात सहा महिन्यांपूर्वीपर्यंतचं काम निघालं. ते शहाणपण नव्हतं, विसराळूपणा होता.

तेव्हा एक डिस्क तुमच्याकडे, दुसरी पुण्याला. महालक्ष्म्यांना लेक-सून येतील तेव्हा अदलाबदल करा, दिवाळीला परत. घरच्या डिस्कवर दर संकष्टीला कॉपी करा आणि काम झालं की वायर काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क लॅपटॉपमधल्या व्हायरसच्या हाती लागते. खंडणी मागणारे व्हायरस तर जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतात.

कॉपी झाली असं मानू नका, उघडून बघा, आणि तेही दुसऱ्या कॉम्प्युटरवर. माझ्या ओळखीचे एक काका तीन वर्षं डेस्कटॉपवरचे शॉर्टकट पेनड्राइव्हमध्ये भरत होते. फोल्डरांची नावं बरोबर, आत काहीच नाही. एवढी रेकॉर्डिंग्ज आणि फोल्डरचा आकार दोन-चार केबी दिसला, तर समजा की तुम्हीही तेच केलंय.

यजमानांच्या लेखांचं एक वेगळंच आहे. श्रीलिपीच्या जुन्या फाइलीत खरं पाहता मराठी अक्षरं नसतात. त्या फॉन्टचे सांकेतिक आकडे असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तोच लेख कावळ्याचे पाय दिसतो. फाइल शाबूत आणि वाचता येत नाही, हे नुकसानच. म्हणून त्या फोल्डरात ते फॉन्टही ठेवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट टाकून प्रत्येक लेखाची पीडीएफ करून घ्या, आणि सवडीनं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या अक्षरांत बदलून घ्या. बदलताना जोडाक्षरं बिघडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, तेव्हा कुणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासायला हवं. ते काम मुलाला देऊ नका, तुम्हीच करा; त्यांची भाषा तुम्हाला ठाऊक.

त्यांच्या ईमेलमध्येही लेख असतील ना? दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. पासवर्ड असेल तर आजच आत जा आणि हवं ते उतरवून घ्या.

आणि डिस्कवर मार्करनं ठळक ‘ओव्या’ लिहा, खाली तारीख. नुसतं ‘बॅकअप’ लिहिलेली डिस्क घरातलं कुणीतरी सिनेमे भरायला घेऊन जातं. माझी एक भाच्याकडे आहे, अजून परत आलेली नाही.