निवासी शाळा बघायला रात्री जा

प्रश्न : ताई, आम्ही गेवराई तालुक्यातले. दसरा झाला की नवरा-बायको ऊसतोडीला जातो, ते हंगाम संपल्यावरच परततो. धाकटी लेक 10 वर्षांची आहे. दोन्ही कानांना मशीन, बोलणं थोडं अस्पष्ट, वाचनात मागे. आजवर आजी सांभाळायची, आता तिला जमत नाही. एका खासगी निवासी शाळेत अंध, कमी ऐकणारी, हळू शिकणारी, सगळीच मुलं एकत्र शिकतात. ते घ्यायला तयार आहेत, पण फी जास्त आहे. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल वाढवून घ्यावी म्हणतो. पाठवू का?
— एक आई, जि. बीड

उत्तर : ताई, मी लातूरकडच्या एका निवासी शाळेत 19 वर्षं गृहमाता होते. पालक शाळा बघायला सकाळी यायचे. वर्ग बघायचे, संगणक बघायचे आणि समाधानानं परतायचे. तुम्ही संध्याकाळी जा आणि एक रात्र मुक्काम करू द्या म्हणा. लेक वर्गात सहा-सात तास असेल, बाकी सगळा वेळ वसतिगृहात.

झोपताना मशीन काढावं लागतं. मग तिला फारसं ऐकू येत नाही, आणि लाइट गेली की समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगी पहाटेच्या घंटेला उठायची नाही. चार दिवस मी तिला सगळ्यांदेखत आळशी म्हणून बोलले. पाचव्या दिवशी तिच्या उशीखाली डबी सापडली, आत दोन्ही मशीनं. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. मग तिची कॉट एका कमी दिसणाऱ्या मुलीशेजारी लावली. ती घंटा ऐकून उठायची आणि हिच्या पायाला हात लावायची. वेगवेगळी लेकरं एका खोलीत ठेवली म्हणून हे आपोआप होत नाही, कुणाची कॉट कुणाशेजारी लावायची याचा कुणीतरी विचार करावा लागतो.

म्हणून तिथल्या गृहमातेशी बोला. मशीनचा बटणाएवढा सेल आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो, तो कोण बदलतं? घामानं, पावसाळी दमट हवेनं मशीन बिघडतं, म्हणून रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत डबीत ठेवतात. ती डबी दाखवा म्हणा. मशीन सारखं शिट्टी वाजवत असेल तर बहुतेक कानातला साचा सैल झालेला असतो, वाढत्या वयात तो बदलावा लागतो. हे सगळं जी बाई तुम्ही न विचारता सांगेल, तिच्या हाती लेकरू खुशाल द्या. रात्री किती मुलींमागे एक मोठं माणूस असतं, तेही विचारा. आणि तुम्ही फडावर असताना आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून देतील का? नुसता फोन तिच्या उपयोगाचा नाही, तिला तुमचं तोंड दिसायला हवं.

उचल मात्र वाढवू नका. ती फेडायला पुढच्या हंगामात तुम्हा दोघांनाच राबावं लागेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आपल्या भागात अनुदानित निवासी विशेष शाळा आहेत. जिल्हा परिषदेत चौकशी करा, तिथंही जाऊन याच गोष्टी बघा, आणि मगच खासगीचा विचार करा.

दाखला अजून काढला नसेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि कानाची तपासणी होते. बीडच्या जिल्हा रुग्णालयात दसऱ्याच्या आधीच जाऊन या. एकदा टोळी हलली की तुम्हाला सवड मिळायची नाही, आणि आजीला एकटीला ते झेपणार नाही.