उन्हाळ्यात रात्रीच्या जेवणाला बाजारच्या ताज्या भाजीचं झटपट काय करावं?
सांगलीच्या उकाड्यात संध्याकाळी गॅसपाशी उभं राहवत नाही, हे खरंच. आमच्याकडे अशा वेळी भरीत. कृष्णाकाठचं मोठं वांगं घ्या, हातात हलकं लागेल असं; जड वांग्यात बिया फार. टोचे मारून, तेलाचं बोट फिरवून थेट आचेवर ठेवा. देठाजवळ दाबून बघा, तिथं मऊ लागलं की झालं. सोलून कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, शेंगदाण्याचं कूट, घट्ट दही. फोडणी नकोच. सकाळची ज्वारीची भाकरी चालते, मला तर तीच आवडते. सोबत काकडीची कोशिंबीर, पण मीठ ताटावर बसतानाच घाला, नाहीतर नुसतं पाणी. आणि दोडका आणला असेल तर शिरा टाकू नका, तीळ घालून चटणी होते.