एडब्ल्यूबी नंबरांचा एक्सेलनं केलेला चुरा

प्रश्न : सर, चप्पल लाईनला आमचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डरी एका शिपिंग प्लॅटफॉर्मवरनं वेगवेगळ्या कुरिअरला जातात. उद्या अकाउंट बंद पडलं तर सगळं गेलं म्हणून सगळ्या ऑर्डरींची सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाईल) डाउनलोड केली, एक्सेलात जरा साफसूफ केली आणि मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टाकली, तर एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचे पार्सल ट्रॅकिंग नंबर) सगळे १.४३ई+१३ असे दिसायलेत आणि काही ऑर्डरी दोन-दोनदा आल्यात. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ओ, ती फाईल गेली समजा. एक्सेलला नंबर लांबलचक दिसला की तो आखडून दाखवतो आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहितो, मागचे आकडे नंतर कॉलम टेक्स्ट करूनपण परत येत नाहीत. प्लॅटफॉर्मवरनं फाईल नव्यानं उतरवा, एक्सेलात उघडूच नका, मायएसक्यूएलच्या ‘लोड डेटा’ कमांडनं थेट टेबलात घ्या, आणि एडब्ल्यूबी, मोबाईल, पिनकोड सगळे व्हारकॅर, म्हणजे मजकूर म्हणून ठेवा, आपल्याला त्यांची बेरीज कुठं करायचीय!

डबल ऑर्डरींचं म्हणाल तर त्या बहुतेक डबल नाहीतच. गिऱ्हाइकानं एक कापशी आणि एक कुरुंदवाडी चप्पल घेतली की एक्सपोर्टमध्ये बऱ्याचदा आयटमप्रमाणं दोन ओळी येतात, म्हणून ऑर्डर, आयटम आणि शिपमेंट अशी तीन टेबलं करा. शिपमेंटला कुरिअर आणि एडब्ल्यूबी मिळून युनिक की लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा शिरणार नाही, आणि ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ वापरा, म्हणजे तीच ओळ परत आली तर नवी न पडता जुनीच अपडेट होते. मग दर आठवड्याला मागच्या दोन महिन्यांचा डेटा बिनधास्त परत ओढा, कारण आरटीओ (परत आलेली पार्सलं) आणि सीओडीचे (कॅश ऑन डिलिव्हरीचे) पैसे उशिरा अपडेट होतात, फक्त नवीन ऑर्डरी घेतल्या तर जुन्या कायमच्या ‘इन ट्रान्झिट’ (वाटेत) राहतात.

तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत का तेपण बघा. आपण साडेपाच तास पुढं, त्यामुळं १ एप्रिलला पहाटे दोनला आलेली ऑर्डर ३१ मार्चला पडते आणि सीए डोकं धरून बसतो. जीएसटी असेल तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचाय, त्यामुळं मूळ सीएसव्हीपण तारीख घालून तशाच ठेवा.

आणि बॅकअप दुकानातल्याच पीसीवर नको. शाहूपुरीतल्या माझ्या एका मित्राचा पीसी २०१९ च्या महापुरात बुडाला, बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरात होती. डंप फाईल (अख्ख्या डेटाबेसची कॉपी) एक घरी, एक क्लाउडवर ठेवा, महिन्यातनं एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा आणि कुठलेपण दहा एडब्ल्यूबी प्लॅटफॉर्मशी ताडून बघा.