साडेचार वर्षांचा मुलगा 1 ते 100 घडाघडा म्हणतो, पण पाच चमचे मागितले तर मूठभर आणतो. मोजणी पक्की व्हावी म्हणून दुकान-दुकान खेळायचा तयार सेट घ्यावा का?

नका घेऊ. त्यातला तराजू बहुतेक वेळा शोभेचा असतो आणि बेरीज त्यातलं बिलाचं यंत्रच करतं. मग मुलाने करायचं काय? घरीच खरा तराजू करा.

30 सेंमीची लाकडी फूटपट्टी घ्या. 15 वर, वरच्या काठाजवळ एक भोक पाडा. 1 आणि 29 वर आणखी दोन, पण मधल्यापेक्षा 4-5 मिमी खाली. टोकाची भोकं वर गेली की दांडी एकीकडे कलंडते ती परत येतच नाही. ‘घरचा तराजू चालत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच बिनसलेलं असतं. फार खाली नेलीत तर तराजू मठ्ठ होतो, दोन-चार चिंचोक्यांना दादच देत नाही. पारड्यांना श्रीखंडाच्या डब्यांची सारखी झाकणं, प्रत्येकाला 20 सेंमीचे तीन दोरे. रिकामा असताना झुकला, तर हलक्या पारड्याखाली मेण चिकटवा. कणीक नको, वाळली की हलकी होते.

वजनांसाठी औषधाची मापाची दोन सारखी टोपणं दोन पारड्यांत ठेवा. एकात 10 मिली पाणी, म्हणजे 10 ग्रॅम. दुसऱ्या पारड्यात रेतीची पुडी ठेवून दांडी सरळ होईपर्यंत रेती कमी-जास्त करा. अशा दोन पुड्यांवरून 20 ची पुडी होते, पुढची तशीच.

दुकानात मांडायचा माल सहा जिन्नसांपेक्षा जास्त नको. मालाच्या रिकाम्या पुड्यांत वर्तमानपत्र कोंबा, नाहीतर उभ्या राहत नाहीत. किंमत 1 ते 5, आकड्याशेजारी तेवढे ठिपके. पैसे म्हणजे दहा चिंचोके, सगळे एकाच किमतीचे. सुट्टे परत देण्याची भानगड महिनाभर तरी नको.

आता तुमच्या मुलाचं. त्याला आकड्यांची माळ पाठ आहे, पण बोट आणि तोंड बरोबर चालत नाही. गिऱ्हाइकाचे चिंचोके त्याला अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायला लावा, एका खळग्यात एकच. एकच चिंचोका दोनदा मोजणं तिथेच थांबतं. तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि मुद्दाम एक चिंचोका कमी द्या. ‘हे किती झाले, सांग बघू’ असं विचारलंत की दुकान संपलं, परीक्षा सुरू झाली. कमी पैसे दिलेलं गिऱ्हाईक मात्र कुठलाही दुकानदार सोडत नाही.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांचा हवाला देऊन ‘खोटंखोटं खेळणं म्हणजे वेळ वाया’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. काल्पनिक खेळापेक्षा माँटेसरी खऱ्या कामाला मान देत, हे खरं. पण या दुकानात तोलणं खरंच आहे! आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावी काम सुरू केलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ जवळच्याच कोसबाडला गेल्या. माँटेसरीचीच वाट, पण साधनं आसपास मिळेल त्यातून केलेली. आणि मोजणीच्या छापील वह्या भरून घेणाऱ्या बालवाड्यांना एकदा त्याच पोरांकडून पाच चमचे मागून बघू द्या.

अंक लिहायचं विचाराल तर किमतीच्या पाट्या तो स्वतःच लिहायला मागेल. 3 उलटा आला तरी पाटी लावा.

हो, घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके, राजमा, हरभरे काहीच नको. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि डॉक्टरांशिवाय निघत नाही. त्याऐवजी मुठीत जेमतेम मावतील असे मोठे लाकडी ठोकळे वापरा. दोरेही खेळ संपला की उंचावर ठेवा.