वाचक विचारतात : ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ अजूनही मुलांना का आवडतो?

प्रश्न : ताई, मुलीला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ लावून दिला. १९३९ चा सिनेमा, म्हटलं दहा मिनिटांत उठेल, आजकाल मुलं कसले भारी इफेक्ट्स बघतात. पण जागची हलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी परत लाव म्हणून मागे लागली. एवढं काय आहे त्यात?

उत्तर : रंग, गाणी, ते लाल चमचमते बूट, हे सगळं आहेच. पण मला विचाराल तर खरी गोष्ट रंग यायच्या आधीच घडून जाते. कॅन्ससच्या शेतावर डोरोथी, सिनेमातली मुलगी, धापा टाकत येते, तिला सांगायचंय की खाष्ट मिस गल्चने तिच्या कुत्र्याला, टोटोला, फटका मारला, आणि तिचे काका-काकू, आंट एम नि अंकल हेन्री, कोंबडीची पिल्लं मोजतायत कारण इन्क्युबेटर बिघडलाय आणि पिल्लं वाचवायचीयेत. ही बोलतेय, ते मोजतायत. वाईट माणसं नाहीत हां ती, जीव आहे त्यांचा तिच्यावर, फक्त आत्ता वेळ नाहीये. शेवटी काकू म्हणते, जा बाई, कुठेतरी अशी जागा शोध जिथे तू कसल्या भानगडीत पडणार नाहीस. आणि ती पोरगी खरंच विचारात पडते की अशी जागा असेल कुठे, आणि तिथून ‘ओव्हर द रेनबो’ सुरू होतं. मोठ्यांनी ऐकून घेतलं नाही म्हणून ते गाणं आलंय, आणि हे मुलांना न सांगता कळतं. (प्रीव्ह्यूनंतर हेच गाणं कापायला निघाले होते, पुढे त्यालाच ऑस्कर मिळालं!)

इफेक्ट्सचं म्हणाल तर डोरोथीला घरासकट उडवून ऑझ नावाच्या जादूच्या देशात नेणारं ते वादळ साधारण ३५ फूट लांब मलमलच्या कापडाचं आहे, वरून टांगलेलं, खालचं टोक सरकत्या गाडीला बांधलेलं आणि भोवती धुरळा उडवलेला. कॅमेऱ्यासमोर खरोखर काहीतरी गरगरत होतं, म्हणून ते आजही अंगावर येतं. आणि तपकिरी कॅन्ससमधून रंगीत ऑझमध्ये उघडणारा तो दरवाजा! परत बघाल तेव्हा नीट बघा. घर आतून तपकिरी रंगवलेलं होतं, दार उघडते ती डोरोथी झालेली जूडी गार्लंड नाहीच, तपकिरी ड्रेस घातलेली तिची डमी आहे, ती बाजूला होते आणि निळ्या ड्रेसमधली जूडी पुढे जाते, शॉट अख्खा टेक्निकलरमध्ये, म्हणजे रंगीत फिल्मवरच. मला हे माहिती असूनही दर वेळी तिथे श्वास अडकतो.

बाकी सुरुवातीला थिएटरात या सिनेमाचा खर्चसुद्धा नीट सुटला नव्हता. १९५६ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर आला, १९५९ पासून दरवर्षी लागायला लागला, आणि मग घरचे सगळे एकत्र बसून बघायचा सिनेमा झाला तो.

प्रश्न : शेवटी सगळं स्वप्न निघतं, ही फसवणूक नाही का वाटत?

उत्तर : हा सिनेमा ज्यावरून केला त्या फ्रँक बॉमच्या १९०० च्या पुस्तकात ऑझ खरंखुरं आहे, स्वप्नबिप्न काही नाही, त्यामुळे पुस्तकवाल्यांचा हा राग जुनाच आहे. मला मात्र पटतं. तोंडाने धीराच्या गप्पा मारणारा पण डुकरांच्या कुंपणात डोरोथी पडल्यावर स्वतःच घाबरून बसलेला शेतावरचा गडी तिकडे सिंह होतो, मिस गल्च चेटकीण होते, तेच नट, तेच चेहरे. लहान मुलं खेळताना घरातल्याच माणसांचे राक्षस नि राजे करतात ना, तसंच.

माझी तक्रार वेगळीच आहे. शेवटी सगळे पलंगाभोवती जमतात, छान, पण मिस गल्चचं काय? तिच्याकडे शेरीफची ऑर्डर होती टोटोला न्यायची! त्यावर एक शब्द नाही. मुलं हे हमखास विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

प्रश्न : मुलगा ५ वर्षांचा आहे. उडणाऱ्या माकडांना घाबरेल का? ते सीन पळवू का?

उत्तर : माकडांना घाबरेल बहुतेक, पण पळवू नका, शेजारी बसा. खरा जड सीन दुसराच आहे. चेटकिणीच्या किल्ल्यात डोरोथी एकटी कोंडलेली असते, लाल वाळूचं घड्याळ चाललेलं असतं, आणि काचेच्या गोळ्यात आंट एम दिसते, हाका मारत शोधतेय. डोरोथी रडून सांगते की मी इथे आहे, पण काकूला ऐकूच जात नाही, आणि बघता बघता त्या गोळ्यात चेटकीण येते आणि तिची नक्कल करून हसते. त्या वेळी हात धरा त्याचा.

आणि अगदीच झोप उडाली तर चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टनबद्दल सांगा, सिनेमात यायच्या आधी त्या बालवाडीच्या बाई होत्या. घाबरणाऱ्या मुलांसाठी १९७५ मध्ये त्या फ्रेड रॉजर्सच्या अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात गेल्या आणि चेटकिणीचे कपडे सगळ्यांसमोर एक एक करून अंगावर चढवून दाखवले, काळी टोपीसुद्धा. तो भाग शोधून त्याला दाखवा, पण सिनेमा संपल्यावर, आधी नको.