जिभेच्या आड लपलेले उंचवटे

प्रश्न : वय ४६. खालच्या जबड्याला आतून, दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे टणक उंचवटे लागतात. दुखत नाहीत. कॅन्सर तर नसेल?

उत्तर : ताई, वर्णनावरून हा टोरस वाटतो, म्हणजे हाडाचीच जादा वाढ. उपदाढांच्या आतल्या अंगाला, बहुधा दोन्हीकडे. लोकसमूहानुसार साधारण ५ ते ४० टक्के लोकांत आढळतो. बहुतेकांना पत्ताच नसतो. मलाही आहे! एक्स-रेची फिल्म तिथे टेकली की डोळ्यांत पाणी येतं. रात्री दात खाणाऱ्यांत जास्त दिसतो. काढायची वेळ सहसा कवळी बसवतानाच येते. एकदा डेंटिस्टला दाखवा; वाढ एकाच बाजूला असेल किंवा जखम भरत नसेल तर लगेच. तोवर जिभेने सारखं चाचपू नका.